चिंचेवरची वटवाघळं

कॅमेऱ्यात रोल भरावा लागे, त्या काळातली ही गोष्ट. चित्रकलेच्या शिक्षिका इंदुमती वेर्णेकर रोज संध्याकाळी कॅमेरा घेऊन तळ्याकाठच्या चिंचेखाली येत. दिवेलागणीला चिंचेवरची शेकडो वटवाघळं उडत. बाई भान विसरून बघत. पण उजेड इतका कमी, की फोटो धूसरच येत.

एकदा बाईंनी कॅमेऱ्यावर नवा फ्लॅश बसवला.

"आता बघ माझी करामत," फ्लॅश म्हणाला.

"जपून रे. त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात," कॅमेरा म्हणाला.

फ्लॅशने ऐकलं नाही. पिल्लाला पोटाशी धरून एक आई उडाली आणि तो लखकन चमकला. तिला काही दिसेना. ती फांदीवर आपटली आणि पिल्लू गवतात पडलं.

बाई धावल्या. पदरात धरून त्यांनी पिल्लाला खालच्या फांदीला लटकवलं आणि दूर जाऊन उभ्या राहिल्या. त्याची हाक ऐकून आई परतली. तिने त्याला हुंगलं, पोटाशी घेतलं.

"फोटोत तुम्ही छान दिसावं, एवढंच मला वाटत होतं," फ्लॅश ओशाळून म्हणाला.

"बघायला रोज या," आई म्हणाली, "पण जेवढे दिसतो, तेवढेच बघा."

बाईंनी फ्लॅश काढून पिशवीत ठेवला.

आज तिथे चिंच नाही, वटवाघळंही नाहीत. धूसर फोटोंतल्या काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून नात विचारते, "आजी, हे काय गं?" बाई सांगू लागतात, आणि कपाटातला म्हातारा कॅमेरा कान देऊन ऐकतो.