शनिवारचा घाणा

दुसऱ्याचा नेम मोडू पाहणाऱ्याला स्वतःचा नेम आठवतो का?

कोकणातील एका संस्थानात बेने इस्रायली यहुदी तेली शनिवारी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा देवाने नेमलेला विसाव्याचा दिवस, पाळून घाणा बंद ठेवीत. नवे कारभारी त्र्यंबकपंत यांनी हुकूम काढला की, शनिवारी बंद राहिलेला घाणा जप्त होईल.

वृद्ध हसाजी तेली दरबारात राजेसाहेबांपुढे उभा राहिला आणि शेजारी बसलेल्या पंतांना म्हणाला, "घाणा चालवतो, पंत. मात्र ते तेल त्याच दिवशी आपण विकत घ्यावे."

"शनिवारी तेल विकत घेऊ? शनिमहाराज कोपतील!"

"ज्या धाकाने आपला हात शनिवारी तेलाला लागत नाही, पंत, त्याच धाकाने माझा घाण्याला लागत नाही."

राजेसाहेबांनी हुकूम फाडला. त्यांच्या आज्ञेने पंतांनी वर्षभर दर शुक्रवारी, सूर्यास्तापूर्वी, तेल्यांच्या प्रार्थनामंदिरातील दिव्याचे तेल स्वतः डोक्यावरून वाहिले.