गेनूची पक्की तार

तंबोरे घडवणाऱ्यांच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा घरजावई होता. सासरे शिदाप्पा नावाजलेले कारागीर. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "काम शिकलास तर ऱ्हा. न्हाईतर चालता हो." बायकोला, चंपाला, सोडून जायची गेनूची तयारी नव्हती. म्हणून तो सासऱ्यांचा शब्द न् शब्द पाळायचा.

एकदा भर उन्हात त्याने कपडे वाळत घालायची तार बांधली, चांगली ताठ. रात्री थंडी पडली. तार आखडली आणि तुटली.

"आरं, तारंला ढील द्यावी!" सासरे ओरडले.

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी त्याने तंबोऱ्याला तारा लावल्या. भरपूर ढील दिली. तंबोरा घ्यायला आलेल्या गवयाने छेडून पाहिलं, तंबोरा गप्प.

"आरं, तार गायला लागंस्तवर ताणावी!"

"बरं मामा."

तंबोऱ्याचे भोपळे विहिरीकाठी मांडवावर वाढत होते. गेनूने मांडवाची तार पिळली. ती गायला लागली. त्याला बरं वाटलं. आणखी पिळली. तार तुटली, भोपळे गडगडले आणि काठावरची सासूबाईंची तांब्याची कळशी विहिरीत गेली.

"आरं, लई ताणली की तार तुटती, न्हाईतर लांबलेलीच ऱ्हाती! आधी वजन टांगावं, मग काढावं. तार पयल्यासारखी झाली तरच पक्की. आता चुकलास तर बघ!"

"बरं मामा."

कळशी काढायला सासरे स्वतः विहिरीत उतरले. रहाटाला तार, तारेला सुंभाने बांधलेली फळी, फळीवर सासरे. गेनूने त्यांना खाली सोडलं, कळशी मिळताच वर घेतलं आणि रहाटाला खुंट लावला.

"हात दे," काठाशी आलेले सासरे म्हणाले.

गेनू तारेकडे बघत होता. वजन टांगून झालं होतं. काढायचं राहिलं होतं. दारात चंपा उभी होती. आता चुकून चालणार नव्हतं. त्याने कोयत्याने सुंभ कापलं.

धप्प! कळशीसकट सासरे पाण्यात. तार टुणकन वर.

"पयल्यासारखी झाली! मामा, तार पक्की!"

पाणी छातीइतकंच होतं. सासरे ओरडले, "गेन्या, आत्ताच्या आत्ता चालता हो!"

गेनूला रडू कोसळलं. सगळं सांगितलं तसंच तर केलं होतं. पण मामांचा शब्द कधी मोडला नव्हता.

"बरं मामा," तो म्हणाला. डोळे पुसत त्याने रहाटावरची तार सोडली, नीट गुंडाळून काखेत मारली आणि निघाला. एवढी पारखलेली तार मागे कोण ठेवतं?