गाळलेलं वाक्य

ते पत्रक माझ्या भावाने लिहिलेलं नाही, असं मी आठ दिवस सांगत होते, पण चौथी शिकलेल्या बाईचं कुणी खरं मानलं नाही. गेनू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, मी छापील कागदांच्या घड्या घालायची. मालक मोठे ग्रंथप्रकाशक, कवितांची देखणी पुस्तकं काढायचे. इटलीला जाऊन आले आणि तिथल्या हुकूमशहासारखा काळा सदरा घालून पोरांकडून कवायत करून घ्यायला लागले. मग आमच्याच छापखान्यातून मुसलमानांविरुद्धचं ते निनावी पत्रक निघालं, आणि ते वाचून जमावाने कासम बाईंडरला दुकानासकट जाळलं. पोलिसांनी पकडलं गेनूला.

चौकीत मालक फौजदाराला म्हणाले, "हे गेनूचंच काम. मी त्यातली एक ओळही वाचलेली नाही."

गेनूच्या फाशीचं बोलणं चाललं होतं. मी म्हणाले, "साहेब, मग मालकांना वाचून तरी दाखवते." फौजदाराने पत्रक दिलं. मी अडखळत वाचत गेले आणि मधलं एक वाक्य मुद्दाम गाळलं.

मालकांना राहवलं नाही. "अगं मूर्ख बाई, 'रक्ताने न्हाल्याशिवाय राष्ट्र उठत नाही,' हे कुठं गेलं? सगळा जोर त्यातच आहे."

"न वाचलेलं पाठ कसं हो तुम्हाला, मालक?"

फौजदाराने गेनूचं नाव खोडलं आणि त्या जागी मालकांचं लिहिलं, नरहर त्र्यंबक खरवंडीकर.