बगळ्याचा दगड

फार मागे, एका खाडीतली मासळी आटत चालली, तेव्हा बगळ्याने ऐन भरतीच्या वेळी सभा बोलावली. "माशांची पिल्लं वाढतात ती जागा राखून ठेवू. तिथे कुणीही तोंड घालायचं नाही," तो म्हणाला, आणि लगेच उडत जाऊन त्याने हद्दीच्या काटक्या रोवल्यासुद्धा.

म्हाताऱ्या चिंबोरीला ही घाई खटकली. भरतीला नुसतं पाणी दिसतं. पाणी उतरलं की खाली चिखल, आणि त्या चिखलावरच साऱ्या चिंबोऱ्यांचं पोट. बगळ्याला हे ठाऊक नव्हतं होय? जन्मभर एका पायावर उभा राहून ओहोटीची वाट बघणारा हा, आणि सभा भरतीला? कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनाने घेतलं.

ओहोटी लागताच ती तिरकी तिरकी चालत एकेक काटकी तपासत निघाली. चिंबोऱ्यांचा सगळा चिखल हद्दीच्या आत गेला होता. काटक्यांची रांग सरळ आली आणि एका दगडाला मात्र वळसा घालून, त्याला हद्दीबाहेर ठेवून पुढे गेली. त्याच दगडावरून बगळा रोज मासे टिपायचा, आणि पिल्लांची सगळ्यात दाट झुंबड त्याच्याच सावलीत होती.

चिंबोरीने काटकी उपटली आणि दगडाच्या पलीकडे रोवली.

"अगं ए, मग मी खायचं काय?" बगळा किंचाळला.

"हेच आधी सगळ्यांना विचारायचं होतं, बगळेबुवा," चिंबोरी म्हणाली. "आता पुन्हा सभा बोलवा. पण ओहोटीला."