मिसरच्या राणीचे हात

त्या दिवशी मिसर देशात वारा सुटला होता. साधा वारा नव्हे, बरं का. वाळवंटातून लाल वाळू घेऊन येणारा गरम वारा. सूर्य जुन्या लुगड्याआडून दिसावा तसा पिवळट दिसत होता. गाढवं भिंतीकडे तोंड करून उभी होती. भाकरी खावी तर भाकरीत वाळू, पाणी प्यावं तर पाण्यात वाळू. त्या देशात पाऊस जवळजवळ पडतच नाही. ऊन, वारा आणि मधून वाहणारी एक भली मोठी नदी, बस. तर अशा त्या दिवशी मिसरची राणी मेरेत वारली, आणि हापू चिरणारा आपला सुजलेला घोटा चोळत बसला.

आता हा हापू कोण, ते सांगतो. सरका जरा, पांघरूण सगळ्यांना पुरू द्या.

मिसरच्या लोकांना वाटायचं, माणूस मेला की तो पश्चिमेकडच्या दुसऱ्या गावाला जातो. आता जायचं तर अंग नको का? म्हणून ते मढं जाळत नसत, खारवून ठेवत. आपण बांगडा खारवतो ना, तसंच, पण फार मायेनं. नदीकाठी त्यासाठी मांडव असायचा. आधी कुशीला एक चीर पाडायची. आतडी, फुप्फुसं बाहेर काढून मडक्यांत ठेवायची. काळीज मात्र आतच राहू द्यायचं. का? तर पलीकडच्या गावी देव ते तराजूत घालतो. एका पारड्यात काळीज, दुसऱ्यात पीस. पापानं काळीज जड भरलं की संपलं. मग अंगावर पांढरा खार घालायचा. आपला पापडखार असतो ना, त्याच्याच जातीचा. अंग सुकून हलकं झालं की तेल चोळायचं आणि जवसाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. आपण जवसाची चटणी खातो, ते लोक जवसाच्या काडीतून धागा काढून कापड विणत.

तर ती चीर पाडायचं काम हापूचं. पट्ट्या बांधायचं कामही त्याचंच. आणि चीर पाडायची एक रीत होती. चीर तर पाडायलाच हवी, पण मेलेल्या माणसाला जखम करणं म्हणजे पाप. म्हणून हापूनं चीर पाडली रे पाडली, की बाहेर जमलेल्या लोकांनी शिव्या देत, दगड मारत त्याला पळवून लावायचं. मग त्यानं नदीत बुडी मारायची, आणि परत येऊन मुकाट्यानं पुढचं काम करायचं. कुणाच्या मनात राग नसायचा. पहिला दगड मारायचा तेती कुंभार, हापूचा शेजारी. "पळ लेका, पळ, तुझं तोंड काळं होवो," असं ओरडायचा, आणि संध्याकाळी कांदा-भाकरी घेऊन हापूच्या ओट्यावर यायचा.

"लागला का रे?"

"तुझा नेम लागण्यासारखा कुठं आहे?"

असं त्यांचं चालायचं.

पण हापू आता म्हातारा झाला होता. गुडघे धरायचे. पळणं जमेना. मागच्या खेपेला कुणा दांडग्याचा दगड घोट्याला बसला, तो घोटा अजून सुजलेलाच होता. म्हणून राणी गेली म्हटल्यावर तो घोटा चोळत बसला. राणीला पोचवायला सगळं शहर येणार. सगळ्या शहराचे दगड.

ही मेरेत राणीही वेगळीच होती, बरं का. तिचा नवरा राजा होता. तो गेला तेव्हा गादीचा वारस पुतण्या एवढासा, कडेवर बसणारा. मग तीच गादीवर बसली. मिसरच्या राजाला हनुवटीला खोटी दाढी बांधावी लागे. राणीनंही बांधली. हसू नका, तिथं कुणी हसलं नाही. तिनं कालवे वाहते ठेवले, धान्याची कोठारं भरलेली ठेवली. आणि तिच्या नवऱ्याला चीर पाडायच्या दिवशी एक गंमत झाली होती. हापू चीर पाडून पळाला. लोक दगड मारायला लागले. रीत म्हणून राणीलाही काहीतरी मारणं भाग होतं. तिनं खाली बघितलं, दगड उचलला नाही. कडेवरचा पुतण्या खजूर खात होता. त्याच्या हातातला खजूर काढून घेतला आणि तोच हापूच्या पाठीवर मारला. पोरानं भोकाड पसरलं. हापूनं पळता पळता तो खजूर उचलला आणि नदीकाठी बसून खाल्ला. तसला गोड खजूर त्यानं पुन्हा कधी खाल्ला नाही.

आता तोच पुतण्या, सेनू, मोठा होऊन राजा झाला होता. आणि राजवाड्यात वाद पेटला होता. राजांची नावं देवळाच्या भिंतीवर कोरायची असत. मेरेतचं नाव कोरायचं का? एक पंडित म्हणाला, बाई राजा नव्हतीच, ती फक्त गादी झटकायला बसली होती. दुसरा म्हणाला, ती दाढी नव्हतीच, दात दुखत होते म्हणून बांधलेली पट्टी होती. तिसरा तर म्हणाला, अशी कुणी बाई झालीच नाही, तिचा नवराच मेल्यावरही बरीच वर्षं राज्य करत होता. सेनू राजा नुसता ऐकत होता. काकू राजा होती म्हटलं तर आपण लहान दिसू, असं त्याला कुणीतरी भरवून दिलं होतं.

मग राजाचा कारभारी मांडवात आला. त्यानं नाकाला फडकं लावलं होतं.

"हापू, राणीचे हात सरळ ठेव."

हापू दचकला. का ते सांगतो. राजाचे हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे, एकावर एक. बाकीच्यांचे अंगाशी सरळ. पलीकडच्या गावचा दारवान हात बघूनच राजाला ओळखतो. हात सरळ ठेवले तर राणी तिथं दाराबाहेर उभी राहणार, कुणी आत घेणार नाही.

"पण सरकार, ती तर..."

"ती कोण होती ते पंडित ठरवतील. तू हात सरळ ठेव. आम्हीही तुझं बघू. दवंडी देतो, यापुढं हापूला कुणी दगड मारायचा नाही."

हापूनं आपल्या सुजलेल्या घोट्याकडे बघितलं. आणि मान हलवली.

मग चीर पाडायचा दिवस आला. हापू बाहेर आला आणि सवयीनं डोकं हातांत लपवलं. एकही दगड आला नाही. दवंडी पिटली होती ना. लोक रिकाम्या हातांनी उभे होते आणि त्याच्याकडे न बघता वाळूकडे बघत होते. तेतीनं एक खडा पायानं उगाच इकडचा तिकडे केला. हापू लंगडत लंगडत नदीवर गेला. इतकं उघडं त्याला कधी वाटलं नव्हतं. बुडी मारली. वर आला, पुन्हा मारली. अंग काही धुतल्यासारखं वाटेना.

राणीचं अंग खारात सुकलं. तेल चोळून झालं. हापूनं तिचे हात सरळ केले आणि पट्टी घ्यायला वळला. मागं बघतो तर हात छातीवर, एकावर एक.

त्याला वाटलं, आपणच विसरलो. त्यानं पुन्हा सरळ केले. तेलाचं भांडं बाजूला ठेवून बघतो, तर हात पुन्हा छातीवर. "आई, असं नको गं करू," तो हळूच म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं हात खाली ओढले आणि डोळे मिटून धरून ठेवले. आणि मग काय वाटलं त्याला? तिचे वाळलेले, काटकीसारखे हात त्याच्या हातांखाली हळूहळू वर येत होते. जोर नव्हता त्यांत. नुसते येत होते.

मग हापूनं ते मनगटाशी बांधून टाकले. बैलाला बांधतात तशी गाठ मारली. वरून पट्ट्यांवर पट्ट्या गुंडाळल्या. पेटीचं झाकण लावलं, आणि घरी आला.

तेती भाकरी घेऊन आलाच होता. हापूनं भाकरीला हात घातला. तर उजवा हात आपसूक उठला आणि छातीवर जाऊन बसला. मग डावा उठला, त्याच्यावर बसला. ओढावे तर हलेनात. तेतीनं ओढून बघितले, चाकावर चिकटलेलं मडकं ओढावं तसे. काही नाही.

मग वैद्य आला. पाणघोड्याची चरबी चोळली. "काय केलंस रे या हातांनी?"

"जड उचललं," हापू म्हणाला. हात आणखी घट्ट झाले.

मग पुजारी आला. धूप घातला. "काय केलंस या हातांनी?"

"वाऱ्यात झोपलो." हात आणखी घट्ट झाले. आता श्वासही पुरेना.

हापू बाहेर पडला की गल्लीतली पोरं हात जोडून वाकायची. "राजेसाहेब आले, वाट सोडा." पोरांना काय कळतंय, त्यांना वाटलं आजोबा खेळतायत. हापूला मात्र वाटायचं, जमीन फाटावी आणि आत जावं.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ तेती येऊन त्याला भरवायचा. भाकरीचा तुकडा, त्यावर कांदा, मग पाण्याचा घोट. एका संध्याकाळी भरवता भरवता त्यानं विचारलं, "हापू, तू काय केलंस ते मला तरी सांगशील?"

"काही नाही केलं," हापू म्हणाला.

तेतीला खोटं कळलं होतं. तरी त्यानं पुढचा घास केला आणि हापूच्या तोंडाशी धरला. घास काही लहान केला नव्हता. तेवढाच मोठा, तेवढाच मऊ.

तो घास हापूला गिळवेना, बाळांनो. त्याला आपलं काळीज तराजूत दिसलं आणि पारडं जमिनीला टेकलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो राजवाड्यात गेला. तिथं पंडितांचा वाद अजून चाललाच होता. भिंतीवर काय कोरायचं ते ठरेना, म्हणून राणीची पेटीही अजून मांडवातच पडून होती. हापूला बघून पहारेकरी हसले. सेनू राजाच्या कपाळाला आठी पडली.

"माझ्यापुढं राजासारखे हात बांधून उभा राहणारा हा कोण?"

"मी हापू चिरणारा, महाराज. राणी राजा होती का नव्हती, ते मला विचारू नका. तिनं तीनदा हात वर घेतले. मी तीनदा खाली ओढले. तिसऱ्यांदा गाठ मारली. दगड चुकावेत म्हणून केलं. मला लाज वाटते, महाराज. हे सांगायला आलो."

कारभारी खोकला. एक पंडित म्हणाला, सुकलं की हात आखडतात, त्यात काय. दुसरा म्हणाला, नाही, आखडले तर एकदा आखडतील. झालं, त्यांचं पुन्हा सुरू झालं.

सेनू राजा मात्र हापूकडे बघत राहिला होता. "तू हापू," तो म्हणाला. "काकूनं तुला मारला तो खजूर माझा होता."

"होय महाराज. फार गोड होता."

राजानं मान खाली घातली. हात खाली करायचा हुकूम कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं. तो गादीवरून उठला. "चल," म्हणाला, "मी झाकण उचलतो."

मांडवात राजानं स्वतः झाकण उचललं, स्वतः पट्ट्या सोडवल्या. पण ती गाठ काही त्याला सुटेना. बैलाची गाठ त्यानं कुठं बघितली होती? मग हापू गुडघ्यांवर बसला. हात तर छातीवर. त्यानं वाकून ती गाठ दातांनी धरली. तोंडात खार आला, तेल आलं, डोळ्यांतलं पाणी आलं. ओढत राहिला. गाठ सुटली.

मग राणीचे हात हळूहळू वर आले आणि छातीवर जाऊन बसले, एकावर एक. आणि हापूचे हात गळून मांडीवर पडले.

भिंतीवर मेरेतचं नाव कोरलं गेलं. पंडित म्हणे अजून भांडतायत, भांडू देत. राजानं विचारलं, हापू, तुला काय देऊ? हापू म्हणाला, "माझे दगड परत द्या." तशी दवंडी पिटली. त्या दुपारी हापू मांडवातून बाहेर आला, तर सगळी गल्ली खडे घेऊन उभी. हापू घाबरला नाही, लंगडत पळाला. खडे पायांशी पडत होते. एक मात्र पाठीवर मऊ लागला. खाली बघतो तर खजूर. मागं राजा उभा होता.

पुढं हापू खूप वर्षं जगला. तो गेल्यावर त्याचे हात सरळ ठेवले, आणि ते सरळच राहिले. राणी आत गेली, हापूलाही कुणी दाराबाहेर ठेवलं नाही. तुम्हीही आता हात पांघरुणात घ्या. छातीवर ठेवा नाहीतर अंगाशी, तुमचे तुम्ही. डोळे मिटा. शेवटचं तेवढं सांगतो, ते मिटल्या डोळ्यांनी ऐका.

हापूचे हात सुटले, त्या संध्याकाळी तेती भाकरी घेऊन आला. सवयीनं घास केला, हापूच्या तोंडाशी नेला. हापूनंही सवयीनं तोंड उघडलं. मग तेतीचं लक्ष त्या मोकळ्या हातांकडे गेलं. त्यानं घास परत ताटात ठेवला आणि म्हणाला,

"बास झालं. आता आपल्या हातानं जेव लेका, भरवून भरवून माझा खांदा धरलाय."