शिळ्या पाण्याची ठकूबाई

फार वर्षांपूर्वी, खडपेवाडीच्या चाळीस उंबऱ्यांना मिळून एकच विहीर होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या वाडीत ठकूबाई नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेलेला, पोटी एकच लेक, अनशी. ठकूबाई इतकी भित्री, की मांजरानं ताटली पाडली तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं. शेजारणीनं दारातून हाक मारली तर हातातलं पीठ सांडायचं. कुणाशी भांडणं तर लांबच, बाजारात भाव करायचा झाला तरी ती लेकीला पुढं करायची. पण एक आवाज असा होता, की तो ऐकला की ती आधी दचकायची आणि मग भीती विसरून चिडायची. तो म्हणजे पाणी फेकल्याचा आवाज. तीन गल्ल्या पलीकडं कुणी तांब्याभर पाणी ओतलं, तरी तिला चुलीपाशी बसून कळायचं, असं म्हणतात.

आणि खडपेवाडीत पाणी फेकायचे ते रोज, अगदी नेमानं.

त्याचं असं होतं. रात्र उलटली की घरातलं पाणी शिळं होतं, असा वाडीचा पक्का समज. रात्री न दिसणारं कुणीतरी येतं, हंड्याला तोंड लावून जातं, मग ते पाणी माणसानं कसं प्यायचं? म्हणून कोंबडा आरवला की घरोघरच्या बाया हंडे-घागरी अंगणात पालथ्या करायच्या आणि ताज्या पाण्यासाठी विहिरीवर धावायच्या. जिच्या दारात आधी चिखल, ती सून हुशार! ठकूबाई घरात कानांवर हात दाबून बसायची.

एका साली पाऊस दगा देऊन गेला. फाल्गुनातच विहिरीनं तळ गाठायला सुरुवात केली. तळाशी दगडात कोरलेलं एक कासव होतं. कासव उघडं पडलं की वाडी उठवायची, बारा कोसांवरच्या नदीकाठी जाऊन राहायचं, असा वाडवडिलांचा नियम. आणि नेमकी त्याच साली अनशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेली पोर बारा कोस खडकातून कशी चालणार? बैलगाडीत हाडं खिळखिळी होणार. ठकूबाईची झोपच उडाली.

तिनं कधी नव्हे तो धीर केला आणि पारावर गेली. वाडीचा कारभारी भिवबा चार म्हाताऱ्यांत बसला होता.

"भिवबाभाऊजी," ती म्हणाली, "त्ये पाणी फेकायचं तेवढं बंद करा. हिरीतलं पाणी काय पहाटं जन्माला येतं? त्येबी रातभर तिथंच आसतं की! त्याला कोण तोंड लावत न्हाई व्हय?"

भिवबानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "ठकूवैनी, एवढ्या खोल वाकायचं म्हंजे भुतालाबी भ्या वाटत आसंल."

सगळा पार खदखदून हसला. ठकूबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि घरी आली.

दुसऱ्या पहाटे ती घागर घेऊन शेजारच्या द्वारकावहिनीच्या दारात उभी. द्वारकावहिनी म्हणजे चिखलात सगळ्यांच्या पुढं.

"वैनी, ओतू नका. मला द्या."

"तुला? शिळं?"

"व्हय, शिळंच."

"अगं बया! डोहाळं लेकीला लागल्यात का तुला?"

सगळी आळी हसली. पण फुकटचं ओझं जातंय म्हटल्यावर बाया पाणी देऊ लागल्या. ठकूबाईच्या घरामागं सासऱ्याच्या काळचं पेव होतं, ज्वारी साठवायला खडकात खोदलेलं. ज्वारी कधीच संपली होती. तिनं ते आतून चुन्यानं लिंपलं आणि चाळीस घरचं पाणी त्यात ओतू लागली. डोक्यावर सात-सात घागरी एकदम घ्यायची, असं म्हणतात. घागरीतून थेंब निसटला तर तिनं नुसतं डोळे वटारून बघितलं की तो माघारी फिरून घागरीत जायचा, असंही म्हणतात.

माणसं मात्र थेंबाइतकी शहाणी नव्हती. यायला जरा उशीर झाला की उलट हिलाच ओरडायची. "ठके, आवर की लवकर! आमचं सांडायचं खोळंबलंय!" आणि द्वारकावहिनी सगळं पाणी कधीच द्यायची नाही. दारात चिखल दिसायला हवा म्हणून एक हंडा तरी मुद्दाम पालथा घालायची. ठकूबाई दात-ओठ खायची आणि पुढच्या दाराला जायची.

वैशाखात एका सकाळी कासव उघडं पडलं.

वाडीनं बोचकी बांधली. गाड्या जुंपल्या. आणि तेव्हाच घरात अनशीला कळा सुरू झाल्या. ठकूबाई धावत वेशीवर गेली आणि बैलांपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. हात काही खाली येईनात.

"कुणी जायचं न्हाई!"

"आन् प्यायचं काय? तुझं डोळ्यातलं पाणी?" भिवबा खेकसला.

तिनं सगळ्यांना घरामागं नेलं आणि पेवाच्या तोंडावरची फरशी सरकवली. आत गळ्यापर्यंत पाणी. गार, नितळ. त्यात आभाळ दिसत होतं.

द्वारकावहिनीनं ओंजळ पुढं केली आणि थबकली. "किती दिसाचं हाय गं?"

झालं! ठकूबाईच्या डोक्याचं झाकण उडालं. "तुझ्याच घरचं हाय, भवाने! तूच दिलंयस! हंडा पालथा घालताना कुठं इच्यारलं व्हतंस, किती दिस पुरंल म्हून?" तिथून जी सुरू झाली ती भिवबापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत कुणाला सोडलं नाही. घटकाभर बोलत होती. मध्ये कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात पाणी होतं.

पहिली घागर अनशीकडं गेली. त्याच पाण्यानं तिला शेकलं, त्याच पाण्यानं नातीला पहिली आंघोळ घातली. पुढं ठकूबाई फरशीवर बसून राहिली. घराला रोज दोन घागरी, जास्त नाही. पाहुण्याला अर्धा तांब्या, लागला तर मागून घ्यावा. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, आंघोळीचं वांग्यांना. पाऊस यायला कुणी म्हणतं एकवीस दिवस लागले, कुणी म्हणतं दीड महिना. वाडी उठली नाही, अनशी आणि तिची लेक वाचल्या, आणि पेवाचा तळ कुणाला दिसला नाही, असं म्हणतात.

पाऊस झाल्यावर पहिल्याच पहाटे द्वारकावहिनीच्या अंगणातून आवाज आला. सळ्ळ! ठकूबाई दचकून उठली, धावत गेली.

"सवय गं, ठके," द्वारकावहिनी जीभ चावत म्हणाली.

ठकूबाई त्या चिखलातच मटकन बसली. त्या दिवसापासून ती शेवटपर्यंत रोज घागर घेऊन दारोदार फिरली. ती वारली असं वाडीत कुणी सांगत नाही. एका पहाटे पाणी किती उरलंय बघायला ती पेवात उतरली आणि अजून मोजतेच आहे, असं म्हणतात.

आजही खडपेवाडीत वैशाखातल्या पहिल्या पहाटे वाडीतल्या सगळ्यात बुजऱ्या बाईच्या हाती घागर देतात. ती चाळीस दारं फिरते. घराघरात पाण्याची काय नासाडी होते ते बघून जे तोंडाला येईल ते बोलते, आणि घरच्यांनी मान खाली घालून ऐकायचं. उलट बोलायचं नाही. ऐकून झालं की रात्रीचं पाणी तिच्या घागरीत घालायचं. त्या साली वाडीत ज्या लेकी बाळंतपणाला आलेल्या असतील, त्यांच्या बाळांना त्या पाण्यानं न्हाऊ घालतात.

गेल्या साली तो मान सरपंचाच्या नव्या सुनेला मिळाला. आठ महिन्यांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. फिरत फिरत ती स्वतःच्याच दाराशी आली. सरपंच टोपी सारखी करून हात जोडून उभे होते, आणि मागं मोरीतला नळ भळाभळा वाहत होता. सुनेनं घागर खाली ठेवली. सगळी वाडी श्वास रोखून बघत होती. आणि हे काही 'असं म्हणतात' नव्हे, हे सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलंय. ती म्हणाली,

"हात मागनं जोडा, मामंजी. आधी नळ बंद करा."