हात न उचलण्याचा कडा

सावकाश वर या आणि बसून घ्या. देवमासा दिसला तर डोळ्यांनी बघायचा, बोट दाखवायचं नाही. कॅमेरावाल्या ताई, तुम्हीसुद्धा! आफ्रिकेच्या या टोकाला देवमासे बघायला जगभरातून लोक येतात, पण हात खाली ठेवून बघायची रीत याच कड्यावर आहे.

मी कासम परकार. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून इथे आले. तेव्हा देवमासा बघायचा नसे, मारायचा असे. होडीतून लांबचं दिसत नाही, म्हणून कड्यावर रुकय्या नावाची बाई बसे. ती हात करील तिकडे भालेवाल्या होड्या सुटत.

एका हिवाळ्यात तिचा नवरा हसन धुक्यात हरवला. दोन दिवस होडीचा पत्ता नाही. रुकय्या नवस बोलली म्हणे, की जो त्याला किनाऱ्याला लावील, त्याचं वाईट माझ्या हातून होणार नाही.

तिसऱ्या सकाळी धुक्यात मोठा श्वास ऐकू आला. देवमाशाची मादी पिल्लाला घेऊन खडक टाळत आत येत होती आणि त्या आवाजामागे हसनची होडी. धुकं विरलं तशी मादीने बुडी मारली. पाण्याखालची सावली फक्त कड्यावरून दिसत होती. गावात तर कुणाच्या घरी दाणा नव्हता. हसनने भाला उचलला आणि ओरडला, "कुठं गेली गो? हात कर!"

रुकय्या दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.

मायलेकरं निघून गेली. गाव अर्धपोटी राहिलं. हसनने तिच्याशी बोलणं टाकलं, आणि मला विचाराल तर त्याचा राग खोटा नव्हता. कड्यावरून कशासाठीही हात उचलला तरी होड्या सुटायच्या, म्हणून तिने तो पुन्हा उचललाच नाही.

वर्षाने एका सकाळी मासेमारीला निघताना हसनने अबोला सोडून तिच्याकडे बघत हात हलवला. त्याच वेळी मादी पिल्लासह समोर फिरत होती. रुकय्याचे हात मांडीखालीच राहिले. संध्याकाळपर्यंत ती जागची हलली नाही. हसन परत आला नाही.

म्हातारपणी ती एवढंच म्हणे, असं सांगतात: "त्याला वाटलं असंल, मीच रागानं हात केला नाय."

आजही खालून देवमासे बघायला जाणाऱ्यांची बोट सुटते, तेव्हा आतली माणसं हात हलवतात. इथून कुणी उत्तर देत नाही. पण बोट किनाऱ्याला लागेपर्यंत कुणी उठतही नाही.